कंबर दुखतेय म्हणून योग करायचाय? मग आसनांची यादी नको, वही काढा

कंबरदुखीवर योग असं नुसतं फॅमिली ग्रुपवर विचारून बघा, दहा मिनिटांत यादी येते. भुजंगासन, शलभासन, मार्जारासन, पवनमुक्तासन, आणि खाली "रोज करा, पंधरा दिवसात फरक". यादीतली आसनं वाईट नसतात हो, पण ती नक्की कुणाच्या कंबरेसाठी हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि योगोपचार, म्हणजे हल्ली सगळे ज्याला योगा थेरपी म्हणतात, तो सगळा त्या एका प्रश्नावरच उभा आहे.

आमच्या बिल्डिंगमधलीच दोन माणसं घ्या. तिसऱ्या मजल्यावरचा दादा, चाळीशीतला, आयटीतला. बसलं की दुखतं, गाडीतून उतरताना सरळ होता येत नाही, मोजे घालायला वाकला की कळ थेट पोटरीपर्यंत, पण चालायला लागलं की जरा बरं. आणि तळमजल्यावरच्या आजी, सत्तरी ओलांडलेल्या, त्यांचं सगळं बरोब्बर उलटं. बसल्यावर काही नाही, भाजीला निघाल्या की थोड्याच वेळात पाय जड, मुंग्या, मग कुठल्यातरी कट्ट्यावर टेकायचं किंवा भाजीवाल्याच्या हातगाडीवर पुढे झुकून उभं राहायचं की पाय मोकळे. दोघंही सांगताना एकच सांगतात, "कंबर गेलीय". पण दादाची दोन मणक्यांमधली चकती (डिस्क) सरकलीये, पुढे वाकलं की नसेवर दाब येतो. आजींच्या मणक्यातली नसांची जागा वयाने अरुंद झालीये, मागे वाकलं की ती अजून अरुंद होते आणि पुढे झुकलं की जरा उघडते. आता दोघांना एकच भुजंगासन द्या. दादाला बहुतेक आराम पडेल आणि आजी दुसऱ्या दिवशी दार उघडायला येणार नाहीत.

ही काही नवीन कल्पना नाहीये आणि बाहेरून तर अजिबात आलेली नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं तेव्हापासून आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे तिथे मोजून बघतायत, एक्स-रे वगैरे सगळं वापरून, आणि १९२४ मध्येच 'योग मीमांसा' नावाचं त्रैमासिक काढलं त्यांनी. त्यांचेच गुरुबंधू योगेंद्रजी, त्यांची मुंबईतली योग इन्स्टिट्यूट तर १९१८ ची. दोघेही माधवदासजींचे शिष्य. तिकडे चेन्नईत योगाचार्य कृष्णमाचार्य आणि त्यांचे चिरंजीव देशिकाचार, त्यांची पद्धत म्हणजे एका वेळी एकच माणूस समोर, त्याला बघायचं, त्याच्यापुरता अभ्यास लिहून द्यायचा, पुढच्या वेळी बदलायचा. आणि पुण्यात मॉडेल कॉलनीत अय्यंगार गुरुजींची संस्था, १९७५ ची, तिथे शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसनच शरीरापर्यंत आणायचं, खुर्ची, लोड, पट्टा, लाकडी ठोकळे, भिंतीवरच्या दोऱ्या वापरून. म्हणजे शंभर वर्षांचं काम आपल्या इतकं जवळ पडलंय आणि आपण फॉरवर्ड वाचून हलासन करतोय.

असो. आता कामाचं.

आधी डॉक्टर, आणि हे ऑप्शनल नाहीये

कंबरदुखी बहुतेक वेळा साधीच असते, पण काही गोष्टी दिसल्या तर चटई गुंडाळून ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडणं, मांड्यांच्या मधल्या, म्हणजे बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होऊन पाऊल घसटणं. याला तर तासांचा हिशोब असतो, उद्या बघू चालत नाही. त्याशिवाय ताप आणि कंबर एकत्र, कारण नसताना वजन उतरणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारी कळ, हे पण आधी डॉक्टरांना दाखवायचं.

बाकी काय काय आहे तेही लिहून काढा, कारण कंबर एकटी येत नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं काहीही नाही, सर्वांगासन नाही, अधोमुख श्वानासन पण नाही, डोळ्यातला दाब वाढतो. बीपी आटोक्यात नसेल तर श्वास रोखणं बंद, कपालभाती-भस्त्रिका बंद. हर्निया, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, गरोदरपण, फिट्सचा त्रास, यातही जोरजोरात श्वास मारायचे प्रकार नाहीत. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून वाकणं आणि जोर लावून पिळणं नको. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी तासभर योग नको आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज बिस्किट असू द्या.

एक एमआरआयबद्दल पण सांगून टाकतो. रिपोर्टमध्ये एल फोर-एल फाइव्हला बल्ज, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती बाहेर फुगलेली, असं लिहिलंय म्हणून लोक हबकून जातात, पण ज्यांचं आयुष्यात कधी काही दुखलं नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये तसलंच बल्ज दिसतं, आणि वय वाढेल तसं जास्तच दिसतं. रिपोर्ट हवाच, पण तुमचं दुखणं कधी वाढतं कधी कमी होतं हे रिपोर्ट सांगत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

वही

एक आठवडा काहीही आसन करायचं नाही. फक्त लिहायचं. हे ऐकून सगळ्यांचा चेहरा पडतो, सगळ्यांना आजच काहीतरी करून बघायचं असतं, पण मला विचाराल तर अर्धा योगोपचार इथेच होतो. शून्य ते दहा असा आकडा, कधी, काय करताना, कुठपर्यंत. दादाच्या वहीतलं एक पान साधारण असं होतं:

"मंगळवार. उठताना कंबर धरलेली, ५. अंघोळीनंतर ३. ऑफिसात पहिले दोन तास ठीक. दोन मीटिंगा सलग, उठताना ६, डाव्या पोटरीपर्यंत. जेवून एक चक्कर मारली, ३. येताना बाईक, खड्डे, ७. रात्री साहेबांचा मेसेज, दीडपर्यंत जागा."

आता हे वाचा नीट. बसणं वाईट, चालणं चांगलं, हे एक. सकाळी उठल्यावर जास्त, हे दुसरं, आणि त्याला कारण आहे, रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्याउठल्या पुढे वाकणं त्यांना जास्त जड जातं. म्हणजे दादाने पहाटे उठून लगेच बारा सूर्यनमस्कार घालणं ही त्याच्यासाठी सगळ्यात चुकीची वेळ आणि सगळ्यात चुकीची गोष्ट, भले ते घराघरात चांगलं मानलेलं असो. त्याचा अभ्यास संध्याकाळी, किंवा सकाळी उठून तासाभराने. आणि तिसरं, तो साहेबांचा मेसेज. ज्या रात्री झोप गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा एक-दोनने वरच, आठवडाभर बघितलं तर स्पष्ट दिसतं.

इथे मी तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश, म्हणजे माणसाचे पाच थर, वापरतो, घाबरू नका, प्रवचन नाही देत. वहीत पाच कप्पे करायचे एवढंच. पहिला अन्नमय, म्हणजे शरीर, खाणं, पोट साफ होतंय का (बद्धकोष्ठ असेल आणि रोज सकाळी कुंथावं लागत असेल तर कंबरेला त्याचाही ताण येतो हे कुणी विचारतच नाही). दुसरा प्राणमय, श्वास कसा चाललाय, छातीत वरच्यावर का पोटापर्यंत, दुखतं तेव्हा श्वास धरून ठेवता का. तिसरा मनोमय, चिडचिड, काळजी, झोप. चौथा विज्ञानमय, इथे थोडं थांबा. या दुखण्याबद्दल तुम्ही स्वतःला काय सांगताय ते लिहा. "माझा मणका गेला", "आता आयुष्यात वजन उचलायचं नाही", "वाकलो तर लकवा मारेल". या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की स्नायू कमजोर, मग खरंच जास्त दुखतं. पाचवा आनंदमय, दुखायला लागल्यापासून आवडीचं काय सोडलंत. दादाने रविवारचा ट्रेक सोडला होता, आजींनी भजनाला जाणं, कारण तिथे खाली सतरंजीवर बसावं लागतं. भजनी मंडळात खुर्ची मागून घेणं हा सुद्धा उपचारच आहे, माझ्या मते तर पहिल्या आठवड्यातला.

दिशा कुठली ते बघणं

आठवडा झाला की घरीच सावकाश बघायचं. उभं राहून हात मांड्यांवर ठेवून थोडंसंच पुढे, मग कंबरेवर हात ठेवून थोडंसंच मागे, प्रत्येक चार-पाच वेळा, झटका नाही. बघायचं एवढंच की दुखणं कुठे सरकतंय. पायातली कळ वर सरकून कंबरेत गोळा झाली, मग कंबरेत थोडी जास्त वाटली तरी, ती दिशा तुमच्या बाजूची. कंबरेतली कळ खाली मांडीत, पोटरीत उतरायला लागली तर ती दिशा आत्ता बंद. फिजिओथेरपीवाले पण हेच बघतात. दोन्हीकडे वाढत असेल, किंवा पाय बधिर होत असेल, तर घरगुती प्रयोग थांबवा आणि माणसाला दाखवा.

मग पाठीवर झोपून, गुडघे वर करून, एक हात पोटावर, श्वास बघा. बदलू नका, नुसता बघा. बऱ्याच जणांचा श्वास सोडणं अर्धवटच असतं, घेतला, सोडला न सोडला की परत घेतला. ज्यांची झोप बिघडलीये त्यांचं तर हमखास.

दादाचा अभ्यास

हा दादाचा आहे, तुमचा नाही, पण कसा बांधला ते कळावं म्हणून सगळा सांगतो. वीस मिनिटं. त्याहून जास्त दिलं की माणूस चार दिवस करतो आणि पाचव्या दिवशी सोडतो.

सुरुवात खुर्चीने. डायनिंगची साधी खुर्ची, खाली चटईवर सतरंजी, पाठीवर झोपायचं आणि दोन्ही पोटऱ्या सीटवर ठेवायच्या, अशा की मांड्या जमिनीला उभ्या काटकोनात. खुर्ची फार लांब असेल तर कंबर उचलली जाते, मग सरकून जवळ जायचं, बसायची हाडं खुर्चीच्या पायांच्या जवळ आली पाहिजेत. डोक्याखाली चादर चौघडी करून, हनुवटी छताकडे जात असेल तर अजून एक घडी. हात बाजूला, तळवे वर. पहिलं एक मिनिट काही करायचं नाही. मग श्वास चार मोजेपर्यंत घ्यायचा आणि सहा मोजेपर्यंत सोडायचा, ओढूनताणून नाही, सहा जमत नसेल तर पाच. श्वास सोडताना हृदयाची गती जरा कमी होते, म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला थांब, आता धोका नाही असा निरोप जातो आणि कंबरेचे आवळून बसलेले स्नायू हळूहळू सोडायला लागतात. पाच मिनिटं. ज्यांना बाकी काही जमणार नाही त्यांनी फक्त हे केलं तरी चालेल, खरंच.

मग पालथं झोपायचं, पोटाखाली पातळ उशी, दोन मिनिटं नुसतं पडून. पायातली कळ वर आली तर उशी काढायची. ते पण चाललं तर कोपरांवर टेकायचं, कोपर खांद्यांच्या बरोबर खाली, छाती पुढे, नितंब सैल. हेच त्याचं भुजंगासन. हात सरळ करून फोटोतल्यासारखं वर जायचं नाही, कमीत कमी पहिला महिना तरी नाही. श्वास घेताना छाती थोडी पुढे, सोडताना खाली, सहा वेळा. आधी श्वासाबरोबर ये-जा करायची आणि काही दिवसांनी मग थांबायचं, हा क्रम कृष्णमाचार्यांच्या परंपरेतला, आणि दुखऱ्या माणसासाठी यापेक्षा शहाणपणाचं काही मला तरी माहीत नाही. थांबून राहिलं की दुखरी जागा आवळते, श्वासाबरोबर ये-जा केली की तिला भरवसा येतो.

त्यानंतर पाठीवर वळून सेतुबंध, पाय दुमडून, गुडघ्यांमध्ये उशी धरून, श्वास घेत कंबर वर, सोडत खाली, सहा वेळा, वीतभर उचललं तरी बास. पाठीवर आहोतच तर एक पाय दुमडलेला ठेवून दुसऱ्या पावलात जुनी ओढणी अडकवायची आणि पाय वर न्यायचा. इथे सगळे पुरुष मर्दुमकी दाखवतात. पाय नव्वदला न्यायचा नाहीये, कंबर जमिनीवरून सुटायच्या आधी थांबायचंय, आणि मांडीमागे ताण चालेल पण पावलात विजेसारखी चमक आली तर ती नस आहे, स्नायू नाही, लगेच पाय खाली घ्या.

उभं राहून एकच, स्वयंपाकाच्या ओट्यावर. दोन्ही तळवे ओट्यावर, मागे मागे चालत जायचं, गुडघे थोडे दुमडलेले, आणि नितंब मागे ढकलत पाठ टेबलासारखी सपाट. आरशात नाही दिसणार म्हणून बायकोला किंवा पोराला पाठीवर लांब काठी ठेवायला सांगा, डोक्यामागे, पाठीवर आणि माकडहाडावर, तीन ठिकाणी टेकली तर बरोबर. कंबरेतून न वाकता खुब्यातून कसं वाकायचं हे यात कळतं, आणि हे एकदा कळलं की बादली उचलणं, लहान मूल उचलणं, बेसिनवर दात घासणं सगळं बदलतं. शेवटी पुन्हा खुर्चीवर पाय, आणि पाच-सहा भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, हळू आवाजात, कान बंद करायचे तर अंगठ्याने, नाही केले तरी चालतील.

पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, भराभर सूर्यनमस्कार, खोल पीळ, हे सगळं त्याच्या वहीत "नंतर बघू" या पानावर. कायमचं बंद नाही. तो फरक महत्त्वाचा आहे, नाहीतर मगाशी म्हणालो ती चौथ्या कप्प्यातली भीती अजून एका यादीने वाढते.

आजींचा

आजींचं सगळं खुर्चीवर आणि पलंगावर, कारण जमिनीवरून उठणं हाच एक प्रोजेक्ट होता. पलंगावर पाठीवर झोपून एकेक गुडघा हळूच छातीकडे, श्वास सोडताना जवळ, घेताना लांब. खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर दोन उशा, त्यावर हात आणि कपाळ टेकून विसावायचं, हातगाडीवर झुकतात तसंच. त्यांच्या शरीराने उपाय आधीच शोधून ठेवला होता, आपण त्याला फक्त उशी दिली. खुर्चीवरून उठबस, श्वास सोडत उठायचं, आठ वेळा, खुर्ची भिंतीला टेकलेली. उठल्यावर दोन श्वास तिथेच उभं राहायचं कारण बीपीच्या गोळीने कधीकधी गरगरतं. भुजंगासन, उष्ट्रासन, धनुरासन नाही.

पण थांबा, आजींना पुढे झुकणं चांगलं म्हणून जास्तीत जास्त झुकवा असंही नाही. या वयात हाडांची ठिसूळता असतेच बऱ्याच बायकांना, आणि तशा मणक्याला पाठ गोल करून जोरात वाकवलं तर पुढच्या बाजूने दबून फ्रॅक्चर होऊ शकतं. म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी, डेक्सा म्हणतात ती, करून घेतली, आणि झुकणं सगळं खुब्यातून, पाठ लांब ठेवून, उशीचा आधार घेऊन. चालायला जाताना एका दमात न जाता पाय जड व्हायच्या आधीच बसायचं, मग परत चालायचं. एवढं करून त्या आता कोपऱ्यावरच्या मंडईपर्यंत जातात, वाटेत दोन कट्टे ठरलेले आहेत.

किती करायचं

करताना आकडा दोनने वाढला तर चालतो, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो परत जागेवर आला पाहिजे. नाही आला तर डोस जास्त झाला, अर्धा करा. एका वेळी एकच नवीन गोष्ट घाला आणि तीन-चार दिवस तीच ठेवा, नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कधीच कळणार नाही. करताना श्वास अडकला, दात आवळले गेले, कपाळाला आठ्या पडल्या, तर ते आसन आज तुमचं नाही, मग शेजारचा कितीही छान करत असला तरी. आणि क्लासमध्ये कुणी पाठीवर दाब देऊन "अजून खाली, अजून खाली" करत असेल तर सरळ सांगा की हात लावू नका, यात लाजण्यासारखं काही नाही.

कपालभातीबद्दल मला रोज कुणीतरी विचारतंच. वजन, शुगर, थायरॉइड, कंबर, सगळ्यावर कपालभाती. अहो, ती शुद्धिक्रिया आहे, पोटाला झटके देऊन करायची, आणि ताज्या चकतीच्या दुखण्यात तसे झटके आणि पोटातला दाब म्हणजे खोकल्यासारखंच, कळ वाढू शकते. दादासारख्या, रात्री दीडपर्यंत जागणाऱ्या, आधीच तणावात असलेल्या माणसाला अजून उत्तेजित करणारं काही द्यायचंच कशाला? त्याला सावकाश श्वास, श्वास न रोखता अनुलोम-विलोम, भ्रामरी. झोपायच्या आधी दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत.

बाकी गोष्टी पटकन. बसायचं काम असेल तर तीस-चाळीस मिनिटांनी उठायचं, अलार्म लावा, पाणी प्यायला छोटा पेला घ्या म्हणजे उठावंच लागतं. बाईकवर लांब जाणं दोन आठवडे टाळता आलं तर टाळा. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर, ते पोटासाठी आणि झोपेसाठी. कुशीवर झोपताना गुडघ्यात उशी. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, कुठल्याच.

थेरपिस्ट शोधायचा तर

हे सगळं एकट्याने करायला जमेलच असं नाही, आणि दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलेलं असेल तर एकदा माणसाकडून बघून घेणं बरं. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करायच्या गोष्टींमध्ये योग धरलाय, त्यामुळे डॉक्टर हसतील ही भीती सोडा, उलट त्यांनाच विचारा. बघताना साडेपाच वर्षांची बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची डिग्री आहे का, किंवा केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाचं थेरपीचं सर्टिफिकेट आहे का ते विचारा. पण कागदापेक्षा पहिली भेट बघा. तुमचे रिपोर्ट मागितले का? चालताना, बसताना, उठताना तुम्हाला बघितलं का? झोप, पोट, काम, घरातलं टेन्शन विचारलं का? तुम्ही बोलताना मधेच "हां हां, तुम्ही मकरासन करा" असं म्हटलं नाही ना? आणि शेवटी कागदावर चार-पाचच गोष्टी, काडीच्या माणसांची चित्रं काढून, किती श्वास ते लिहून दिलं का? तर बसा. पहिल्याच दिवशी वीस आसनांचा झेरॉक्स हातात देणारा, पन्नास जणांच्या बॅचमध्ये "कंबरवाले मागे बसा" म्हणणारा, किंवा गोळ्या बंद करा मी बरं करतो म्हणणारा, या तिघांना लांबूनच नमस्कार.

परदेशात असाल आणि इकडच्या कुणाकडून ऑनलाइन शिकत असाल तर कॅमेरा समोर न ठेवता बाजूला, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, समोरून कण्याचा बाक दिसतच नाही. आणि तुमच्या सकाळी उठल्याउठल्याची वेळ घेऊ नका, चकत्यांचं मगाशी सांगितलं ते लक्षात ठेवून.

सहा आठवड्यांनी वही पहिल्या पानापासून वाचा. आकडे उतरलेत का, पायातली कळ वर सरकलीये का, सोडलेलं काही परत सुरू झालंय का. आकडा तोच असून ट्रेक सुरू झाला असेल तर ती सुधारणाच आहे, धरा. काहीच हललं नसेल तर परत डॉक्टरांकडे, वही घेऊन. त्यांना त्या वहीतून जेवढं कळेल तेवढं तुमच्या "डॉक्टर, फार दुखतं हो" मधून नाही कळणार.

मधे आठ दिवस खंड पडला, लग्नकार्य आलं, गणपतीत धावपळ झाली, तर जिथे सोडलं तिथून सुरू न करता अर्ध्यावरून करा, दोन-तीन दिवसात परत तिथे पोचाल. आणि ज्या दिवशी उसण भरेल, ती कधीतरी भरणारच, त्या दिवशी सगळा अभ्यास रद्द. फक्त खुर्चीवर पाय टाकून ते लांब श्वास, दिवसातून तीन-चार वेळा, हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, आणि मधे मधे घरातल्या घरात दोन-दोन मिनिटं चालणं. दिवसच्या दिवस पलंगावर पडून राहू नका, त्याने लांबतंच.